उन्हाळ्यातली चूल

गफूरचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डाळीशी बोलत होते.

आमच्या गावच्या शाळेत शिजवलेली खिचडी सुरू होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. शिजवायचं काम पार्वताबाईकडे आणि माझ्याकडे. पार्वताबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. ती शाळेत कधी गेली नाही, मी चौथीपर्यंत गेले. पण बोलायचं सगळं काम तिचं आणि मान हलवायचं माझं. त्या दिवशी आम्ही शाळेमागच्या शेडमध्ये डाळ निवडत होतो. एक उंच, पोट सुटलेला माणूस दारात आला. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर चौकड्यांचा लाल रुमाल. त्यानं चपला बाहेर काढल्या, पोत्यात हात घातला, एक दाणा दाढेखाली धरून कडकन फोडला आणि पोत्याला म्हणाला, "काहून वो बुढे, तू अजून इथंच हायेस?"

पार्वताबाईनं सूप खाली ठेवलं. "कोन होय हो तुमी? अन् डाळीसंगं काय बोलता?"

"गफूर बावर्ची. बार्शीटाकळीचा. ही डाळ बुढी हाय माय. हिले रातच्यानं भिजू घालत जा. नाही तं ती गंजात शिजत नाही, अन् मंग लेकराच्या पोटात जाऊन शिजाले पाह्यते."

पार्वताबाई हसली. मी हसले नाही, पण त्या रात्रीपासून डाळ गंजात, आमच्या मोठ्या पातेल्यात, भिजत घालायला लागले.

नंतर ते महिन्यातून एकदा तरी यायचे. आल्यावर बसायचे नाहीत. भट्टीसमोर उभं राहून राहून त्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या, तरी खुर्ची दिली की तिच्यावर पिशवी ठेवायचे. मुलं जेवायला बसली की ते माझी पळी बघायचे. पहिलीची मुलं पुढे, त्यांना आधी वाढायचं, अशी पद्धत होती. चाचा म्हणाले, "शांता, वरवर घेऊन राह्यली तू. वर पानी हाय. डाळ खाली बसते. लहान्यायले पानी अन् मोठ्यायले डाळ, हे कोनतं इमान? पळी तळाले लाव, मंग वर आन." इतकी साधी गोष्ट होती. दोन वर्षं मी रोज वाढत होते, आणि मला दिसली नव्हती.

काही घरची मुलं तेव्हा माझ्या हातचं घ्यायची नाहीत. पार्वताबाईनं वाढलं तर खायची. आम्ही बौद्ध, ती माळ्याची. हे कोणी बोलत नव्हतं, मुलं फक्त ताट मागे ओढायची. चाचांनी एकदा ते पाहिलं. ताट घेऊन त्याच मुलांच्या रांगेत उकिडवे बसले आणि म्हणाले, "शांताबाई, मले तुमच्या हातची द्या. मोठ्या पळीनं." बसायला त्यांना त्रास झाला, उठायला त्याहून जास्त. जाताना मला म्हणाले, "लगनात माह्या हातचं अख्खं गाव खाते. घरी गेलो तं पानी वरून ओंजळीत टाकते. तू मनाले लावून घेऊ नको माय, पळी लाव."

आमच्याकडे येण्याआधी ते अमरावतीच्या एका मोठ्या हॉटेलात वस्ताद होते. पंचवीस वर्षं. उन्हाळ्यात सुट्टी काढून अमरावती-अकोल्याकडच्या गावांमध्ये लग्नाचा स्वयंपाक करायचे. गावोगावच्या लोकांना वाटायचं की गफूर वस्ताद असला म्हणजे भाजी उरणार नाही आणि पुरणारही. मांडवात एक चक्कर मारून ते सांगायचे की किती जण जेवतील, आणि तेवढेच जेवायचे.

सामानाची याद ते स्वतः सांगायचे, घरधनी लिहून घ्यायचा. ते म्हणायचे, गावाची हालत आधी यादीले कळते. पहिल्या वर्षी याद ऐकताना घरधनी म्हणतो, काजू राहू द्या. दुसऱ्या वर्षी म्हणतो, तूप राहू द्या, तेलात भागवा. मग एक वर्ष असं येतं की तो म्हणतो, वस्ताद, वरण पातळच करा. त्या वर्षांत आमच्याकडे एखाद्या घरासमोर माणसं जमलेली दिसली की कोणी शेतकरी औषध पिऊन गेला असंच आधी वाटायचं. लग्न असेल हे नंतर सुचायचं. चाचांना दोन्ही कामांना बोलवायचे. एकदा ते म्हणाले, "त्याच मांडवात लगनाची बुंदी केली, अन् वर्साच्या आत त्याच मांडवात तेरवीचा भात." आणि भांडी आपटत राहिले.

हॉटेल त्यांनी का सोडलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. चांदूर बाजाराकडच्या एका गावात मे महिन्यात लग्न होतं. सहा-सात वर्षांची एक पोरगी चुलखंडापाशी आली आणि भात मागितला. नुसता भात. खाऊन झाल्यावर परत आली. मग परत. चौथ्यांदा आली तेव्हा चाचांनी तिला मूठभर बुंदी दिली. तिनं ती फ्रॉकच्या खिशात ठेवली आणि पुन्हा भातासाठी हात पुढे केला.

"बुंदी काहून नाही खात वो?"

"बुंदी घरी नेतो. भात इथं खातो."

"घरी भात नाही करत?"

"भात शाळेत रायते."

"मंग शाळा कधी लागते तुयी?"

पोरीनं विचार केला आणि म्हणाली, "अजून दोन लगनं हायेत गावात. ते झाले का लागते."

हे सांगून चाचा म्हणाले, "इतकी सालं मी उन्हाळ्यात लगनं केली, शांता. मांडवात लेकरं येत, खाऊन खाऊन थकत नसत. मले वाटे, माह्या हाताले चव हाय."

त्या हंगामानंतर ते हॉटेलात परत गेले ते राजीनामा द्यायलाच. मालक म्हणाला, "गफूरभाई, खिचडीसाठी कोनी किचन सोडते का?" चाचा म्हणाले, "शेठ, तुमचं गिऱ्हाईक उपाशी रायलं तं दुसऱ्या हॉटेलात जाईन. ते पोरगी कुठं जाईन?"

अमरावतीला मुलांच्या जेवणावर काम करणारी एक संस्था होती. तिथे ते गेले आणि मला काम द्या म्हणाले. तिथल्या लोकांनी विचारलं, काय येतं? चाचा म्हणाले, सयपाक येते, आणि सामान कमी पडलं तर कुठं गेलं ते कळते. त्यांना घेतलं. मग गावोगाव फिरून शाळांच्या चुली बघणं, रेशनचं धान्य बघणं, बायांना विचारणं हे त्यांचं काम झालं. सरकारी कागद वाचायलाही ते शिकले. उर्दू त्यांना चांगलं यायचं, मराठी अडखळत. जीआर हातात आला की ते म्हणायचे, ही याद होय, यादीसारखी वाचा, काय नाही लिहिलं ते पाहा. "तांदूळ लिहिला, डाळ लिहिली, तेल लिहिलं. पानी कोन आनन, हे लिहिलंच नाही. म्हंजे शांता आनन." आणि खरंच, विहिरीवरून पाणी मीच आणत होते. ते कागद ते जुन्या मसाल्याच्या पिशवीत ठेवायचे. अकोल्याच्या कचेरीतला कारकून त्यांची फाईल उघडली की शिंकायचा.

पुढे जिल्ह्याच्या एका समितीत त्यांना घेतलं. शाळेतलं जेवण कसं आहे ते ही समिती बघायची. बैठकीला जाताना ते रुमालाच्या गाठीत मूठभर तांदूळ बांधून न्यायचे, कोणत्या तरी शाळेतला, आणि टेबलावर सोडायचे. किडे चालायला लागायचे. एक साहेब चिडून म्हणाले, "चाचा, हे काय हॉटेल आहे का?" चाचा म्हणाले, "हॉटेल असतं तं गिऱ्हाइकानं ताट फेकलं असतं साहेब. लेकरू फेकत नाही." त्यानंतर आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचा तांदूळ बदलला. हे मला शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं. चाचा स्वतःची अशी गोष्ट सांगायचे नाहीत.

पण त्यांचा सगळा जीव उन्हाळ्यात अडकला होता. टंचाईच्या यादीत ज्या गावांची नावं असतील तिथे सुट्टीतही शाळेची चूल चालू ठेवायची, असा हुकूम होता. आमचं गाव यादीत नव्हतं. आमच्याकडे आणेवारी चांगली निघाली होती. चाचा म्हणायचे, "आनेवारी पिकाची काढतात. पोटाची कोन काढन?" त्यांनी कचेरीत इतके खेटे घातले की शेवटी तिथले साहेब म्हणाले, मी स्वतः गावात येऊन बघतो. खरंच गरज दिसली तर लिहून देतो.

एप्रिल महिना होता. आठ दिवस आधी चाचा आम्हाला बजावून गेले. जसं रोज असते तसंच ठेवा. काही वाढवू नका, काही लपवू नका.

त्या दिवशी ते सकाळीच आले. मी खिचडी चढवायला घेतली होती. त्यांनी गंजात डोकावून पाहिलं. डाळ नेहमीसारखी थोडी, तेल नावाला. मग रुमाल खांद्यावरून काढून कमरेला बांधला.

"पार्वताबाई, गावात वांगे कोनाकडं हायेत?"

पार्वताबाई याचीच वाट बघत होती. "मी तेच म्हनून राह्यली होती! पाहुना येऊन राह्यला अन् त्याले पान्याची खिचडी देता का? गावाचं नाक कापता?"

मग काय झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते, आणि बरंही वाटतं. ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं त्यांनी वांगी दिली. कोणी ताक दिलं. कोणी गूळ. ज्या घरी रात्री चूल पेटली नव्हती त्या घरून वाटीभर तेल आलं. बायांनी पोरांना आंघोळी घातल्या, डोक्याला तेल चोपडलं, दिवाळीचे कपडे घातले. चाचांनी वांग्याची भाजी केली, कढी केली, डाळ-तांदळाची मोकळी खिचडी लसणाची फोडणी देऊन केली, गव्हाच्या रव्याचा गुळाचा शिरा केला. शेडच्या बाहेरपर्यंत वास आला. त्यांचे हात इतक्या दिवसांनी असे चालत होते की मी पळी हातात धरून नुसती बघत राहिले.

साहेब जेवले. दोनदा शिरा घेतला. मुलांना विचारलं, "पोट भरलं का रे?"

मुलं एका सुरात ओरडली, "हो साहेब!"

"रोज असंच असतं?"

गुरुजी म्हणाले, "असंच असते साहेब." ते घाबरले होते. रोज वाईट असते म्हणावं तर दोष त्यांच्यावर आला असता. चाचा मागे उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "वा, काय चव आहे!" आणि चाचांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. त्या वेळी ते बोलू शकले असते. मी तिथेच होते. ते लग्नातल्या वस्तादासारखे उभे होते, आणि पाहुणा जेवून खूश झाला होता.

पंधरा दिवसांनी कागद आला. गुरुजींनी वाचून दाखवला. गावात अन्नाची टंचाई दिसून आली नाही. चाचांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग स्वतः बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

पार्वताबाई म्हणाली, "त्या मुडद्यानं दोनदा शिरा खाल्ला अन् असं लिहिलं?"

"त्यानं जे खाल्लं तेच लिहिलं," चाचा म्हणाले. "शिरा कोन केला होता?"

तो मे महिना मी विसरणार नाही. शाळेला कुलूप होतं. तरी दुपारी एकच्या सुमाराला काही मुलं ताट घेऊन शाळेच्या ओट्यावर यायची. त्यांना माहीत होतं की सुट्टी आहे. थोडा वेळ बसायची, ताटावर बोटांनी वाजवायची आणि परत जायची. माझी मुलगी रंजना तिसरीत होती, तीही जायची. चाचा एका दुपारी आले आणि त्यांनी हे पाहिलं. एरवी सहसा बसत नसत, ते त्या दिवशी ओट्यावर मुलांच्या बाजूला बसले. एकानं विचारलं, "चाचा, शिरा कधी करसान?" त्या वर्षी त्यांनी एकही लग्न घेतलं नाही. त्यानंतर मी त्यांच्या हातात पळी कधी पाहिली नाही.

पुढच्या वर्षी साहेब बदलले, त्यांच्या जागी एक बाई आल्या. चाचांनी त्यांच्याकडे खेटे घालायला सुरुवात केली. या वेळी गावात कोणालाच काही सांगितलं नाही. शाळेला सुट्टी लागून चार दिवस झाले होते. टळटळीत दुपारी, लोक जेवतात त्या वेळेला, ते त्या बाईंना घेऊन आले. वेशीतून नाही, मागच्या पांदणीच्या वाटेनं. शेवटच्या घरापासून सुरुवात केली. माझं घर तिसरं.

मी दारात आले. चाचा घामानं भिजले होते. म्हणाले, "शांता, गंजावरचं झाकन काढ माय."

त्यांनी स्वतः काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण दुसऱ्या बाईच्या गंजाला ते कधी हात लावत नसत. ते जमिनीकडे बघत उभे राहिले. रंजना चुलीपाशी बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी झाकण काढलं. ज्वारीच्या कण्या होत्या, मीठ घालून पाण्यात शिजवलेल्या. पाणीच जास्त. साहेबबाईंनी वाकून पाहिलं. "किती जणांचं?" मी तीन बोटं दाखवली. "आणि रात्रीचं?" मी त्याच गंजाकडे बोट दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं.

तोवर गल्लीत बातमी गेली होती. पार्वताबाई तिच्या दारात आडवी उभी राहिली. "माह्या घरात कोनी याचं नाही! चाचा, तुमाले आमी आपलं समजलो. अन् तुमी आमची लाज बाहेर मांडून राह्यले?"

चाचा म्हणाले, "गेल्या साली झाकली होती ना बाई. मीच झाकली, गुळाच्या शिऱ्यानं. काय झालं मंग? लेकरं ताट वाजवत बसले."

ती आत गेली, दार लोटून घेतलं. साहेबबाई पुढच्या घराकडे वळल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि पार्वताबाई गंज कमरेवर घेऊन बाहेर आली. भर गल्लीत, उन्हात, तिनं तो साहेबबाईंच्या पायांपुढे ठेवला, झाकण काढलं आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग एकेका घरातून बाया आपापले गंज घेऊन आल्या. झाकणांचा तेवढा आवाज झाला.

आठव्या दिवशी हुकूम आला. त्या मे महिन्यात शाळेची चूल पेटली. पहिल्या दिवशी चाचा मुलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी ताट घेऊन उभे होते. खिचडी साधीच होती. मी तळाला पळी लावून त्यांना वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." मग म्हणाले, "राहू दे. बरोबर हाय."

पण हुकूम एका वर्षाचा होता. दर वर्षी नव्यानं मागावा लागणार होता. दुसऱ्या वर्षी चाचांची साखर फार वाढली, पायाला जखम झाली होती. तरी एप्रिलमध्ये ते मला घ्यायला आले. "चल अकोल्याले. मी दहा वर्सं बोललो असन, पन तुह्या तीन बोटायनं जे काम केलं ते माह्यानं नाही झालं. साहेब पुन्हा नवा हाय. तू सांग त्याले."

मी गेले. मी कधी कचेरीत गेले नव्हते. आवारात मोटारी, पॅन्टवाली माणसं, कागद घेऊन धावणारे शिपाई. जिन्यापाशी गेलो आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. कचेरी वर होती, तिसऱ्या मजल्यावर. मी म्हणाले, "चाचा, मी इथंच थांबतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बरं. थांब. नाही तं असं कर, तू घरी जाय. दोनची गाडी सुटन तुयी. रंजना वाट पाहून राह्यली असन."

ती बैठक झाली, त्यात चाचा काय बोलले ते मला माहीत नाही. हुकूम मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आला. चाचा तोवर गेले होते. बार्शीटाकळीला त्यांना माती दिली तेव्हा आमच्या गावच्या बाया बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी कागद घेऊन पार्वताबाई आणि मी गेलो. साहेबांसमोर पार्वताबाईचा आवाज बसला आणि मला बोलावं लागलं. वर जायला बासष्ट पायऱ्या आहेत. चांगल्या पायांनाही त्या जड जातात.

चाचांसोबत गेले त्या दिवशी मात्र मी खालीच होते. गाडीची वेळ होत आली होती तरी कडुनिंबाखाली उभी राहून बघत होते. जिन्याच्या वळणावर जाळी होती, तिच्यातून माणूस दिसायचा. पहिल्या वळणावर चाचा दिसले, भिंतीला हात लावून चढताना. मग बराच वेळ दिसले नाहीत. दुसऱ्या वळणावर दिसले तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. एक चप्पल काढून बाजूला ठेवली होती आणि पाय दोन्ही हातांत धरला होता. वरून उतरणारा एक माणूस त्यांच्याशी काही बोलला, चाचांनी हात हलवून त्याला जा म्हटलं. मी वर जायला निघाले. दोन पायऱ्या चढलेही असेन. मग पुन्हा मागे येऊन वर पाहिलं, तर त्यांनी चप्पल घातली होती, पिशवी काखेत घेतली होती, आणि ते उठत होते.